घरी बनवलेला एचएफ रिसीव्हर ग्नू रेडिओला जोडायचाय: सोपी ड्रायव्हर, आरटीएल-टीसीपी की स्वतःचा ब्लॉक?

खानापूरचा_ओढा

नमस्कार मंडळी. घरी बनवलेला शॉर्टवेव्हचा (एचएफ) रिसीव्हर बोर्ड चालतोय, पण पीसीशी त्याचं पटत नाही. म्हणून हा धागा.

आधी बोर्डाबद्दल. अँटेनाचा सिग्नल एका छोट्या ॲम्प्लिफायरमधून थेट एडी९२२६ ला जातो. हा १२ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) सेकंदाला ६५ मेगासॅम्पलपर्यंत पळतो, मी ४८ वर चालवतो. त्याच्यासाठी वेगळा ऑसिलेटर आहे. मागे टँग नॅनो ९के, एफपीजीएचा (हवं ते सर्किट आत बसवता येणाऱ्या चिपचा) बोर्ड. त्या एफपीजीएत एनसीओ (आकड्यांनी साइन-कोसाइन बनवणारा), मिक्सर आणि सीआयसी (सॅम्पल रेट उतरवणारा) फिल्टर बसवलेत. ६४ ने डेसिमेशन झालं, म्हणजे सॅम्पल रेट ६४ पट कमी झाला, की सेकंदाला ७५० किलोसॅम्पल उरतात, आय आणि क्यू (सिग्नलचे ९० अंशांचा फरक असलेले दोन भाग) प्रत्येकी १६ बिट. तिथून एफटीडीआयची यूएसबी चिप एफटी२३२एच, सिंक्रोनस फिफो (रांगेतला बफर) मोडमध्ये, यूएसबीला. म्हणजे सेकंदाला ३ मेगाबाइट. फ्रिक्वेन्सीच्या कमांड मात्र टँग नॅनोच्या स्वतःच्या यूएसबी-सिरीयलवरून जातात, म्हणून केबली दोन.

सध्या लिबएफटीडीआयवर (त्या चिपच्या लायब्ररीवर) लिहिलेला एक छोटा सी प्रोग्रॅम डेटा फाइलमध्ये टाकतो आणि ती फाइल मी ग्नू रेडिओ या सिग्नल प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरात उघडतो. ४० मीटरच्या हौशी बँडवरची (७ मेगाहर्ट्झ) बोलणी ऐकू येतात, पण शिळी. मला लाइव्ह पाहिजे. जीक्यूआरएक्स या रेडिओ ऐकण्याच्या प्रोग्रॅममध्येही चालावं आणि ग्नू रेडिओमध्येही.

वाटा तीन दिसतात: सोपीएसडीआरचा (थोडक्यात सोपी, कुठलाही रिसीव्हर प्रोग्रॅमना एकाच पद्धतीने जोडणारी लायब्ररी) ड्रायव्हर लिहायचा, आरटीएल-टीसीपीचं (आरटीएल-एसडीआर डोंगलचा डेटा नेटवर्कवर देणाऱ्या प्रोग्रॅमचं) सोंग घ्यायचं, नाहीतर ग्नू रेडिओसाठी स्वतःचा सोर्स ब्लॉक. कुठली धरू?

शिवाय दोन दुखणी आहेत. एक, प्रत्येक स्टेशन दोनदा दिसतं: एकदा जागेवर आणि एकदा मध्यबिंदूच्या पलीकडे आरशातल्यासारखं, जवळपास तेवढ्याच जोरात. आय-क्यूचा बॅलन्स बिघडलाय काय? दोन, ५.६ मेगाहर्ट्झच्या आसपास एक जाडजूड ढिगारा सतत हलत असतो.

---

गडहिंग्लजकर

आरटीएल-टीसीपी. डोळे झाकून.

प्रोटोकॉल एवढासा आहे. क्लायंट जोडला की १२ बाइटांचा हेडर पाठवायचा: सुरुवातीला 'आरटीएल०' ही चार अक्षरं, मग ट्यूनरचा प्रकार, मग गेनच्या पायऱ्या किती ते. त्यानंतर फक्त आय-क्यूचे बाइट ओतत राहायचे. क्लायंटकडून येणारी प्रत्येक कमांड ५ बाइटांची, पहिला बाइट कमांडचा आणि उरलेले चार आकड्याचे, मोठा बाइट आधी. १ म्हणजे फ्रिक्वेन्सी, २ म्हणजे सॅम्पल रेट. पोर्ट १२३४. एका संध्याकाळचं काम आहे, आणि जीक्यूआरएक्स, एसडीआर प्लस प्लस, ओपनवेबआरएक्स, सगळ्यांना ही भाषा येते.

---

निपाणी_नॉईज

+१. आणि ढिगाऱ्याचं म्हणाल तर आमच्याकडे ऊसाच्या पंपाचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) चालू झाले की अख्खा बँडच ढिगारा होतो. तुमचा एकच आहे, नशीबवान आहात.

---

शहापूरची_सोल्डरवाली

गडहिंग्लजकर, चाचणीपुरतं ठीक आहे. पण त्या प्रवाहात आय आणि क्यू ८-८ बिटांचे जातात. धागाकर्त्याने १२ बिटांचा एडीसी घेतलाय आणि ६४ ने डेसिमेशन केलंय. ६४ पट बँडविड्थ कमी केली की आवाजाची पातळी १८ डीबीने खाली येते, म्हणजे आणखी ३ बिटांचा लाभ. १५ बिटांच्या तोडीचं कमवायचं आणि दारातून बाहेर पडताना त्यातले सात फेकून द्यायचे? मग आरटीएलचा डोंगलच डायरेक्ट सॅम्पलिंगला लावला असता की. तो ८ बिटच देतो आणि १४.४ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतोही.

दुसरं म्हणजे गेन. आरटीएल-टीसीपीच्या क्लायंटला वाटतं समोर आर८२० ट्यूनर आहे. तो त्याच्या पायऱ्या मागणार, एजीसीचं (आपोआप गेनचं) बटण दाखवणार. तुझ्या बोर्डात यातलं काहीच नाही. खोटं बोलणाऱ्या ड्रायव्हरला पुढे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तेच खोटं निभावावं लागतं.

माझं मत सोपी. स्वतःचा ग्नू रेडिओ ब्लॉक लिहिलास तर तो फक्त ग्नू रेडिओतच चालेल. सोपीचं मॉड्यूल एकदा लिहिलं की ग्नू रेडिओ ३.१० मध्ये सोपीचे ब्लॉक मुळातच आहेत, जीक्यूआरएक्सला ते जीआर-ऑस्मोएसडीआर या जोड-लायब्ररीच्या मार्गाने मिळतं, क्युबिकएसडीआर हा प्रोग्रॅम तर सोपीवरच उभा आहे.

दुखणं क्रमांक एकवर नंतर लिहिते, आधी एक सांग: त्या आरशातल्या प्रतिमेखेरीज मूळ सिग्नलच्या दोन्ही बाजूंना बारीक दाते दिसतात का? दिसत असतील तर सिग्नलपासून पहिल्या दात्यापर्यंतचं अंतर कर्सर लावून मोज.

---

टिळकवाडी_काका

ढिगाऱ्याचं मी सांगतो. एडीसीच्या आधी लो-पास फिल्टर आहे का?

एडी९२२६ ची इनपुट बँडविड्थ ७५० मेगाहर्ट्झ आहे. तुम्ही ४८ वर सॅम्पल करता म्हणून तो २४ च्या वरचं ऐकणं थांबवत नाही. सगळं घडी घालून खाली आणतो. ४८ ची दुप्पट ९६. बेळगावात ९०.४ वर केएलईचं वेणुध्वनी हे एफएम केंद्र आहे. ९६ मधून ९०.४ गेले, राहिले ५.६. तुमचा ढिगारा म्हणजे एफएमचं प्रसारण आहे. हलतो तो बोलण्यागाण्याबरोबर. वाइड एफएमचा डिमॉड्युलेटर लावा, कार्यक्रम ऐकू येईल.

सात घटकांचा, २० मेगाहर्ट्झच्या आसपास कापणारा फिल्टर बसवा. आणि खालून हाय-पासही हवा. आकाशवाणी धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर २०० किलोवॅटनं बोलतं आणि खानापूर काही तिथून लांब नाही. लांब तारेची अँटेना असेल तर एडीसीची निम्मी रेंज एकटं धारवाडच खाईल.

---

खानापूरचा_ओढा

काका, वाइड एफएम लावून बघितलो. कन्नड कार्यक्रम एकदम खणखणीत! सॉफ्टवेअरात शोधत बसलो होतो, आणि हे इनपुटलाच होतं.

हाय-पासला मात्र घरचे तयार होणार नाहीत. आज्जीला धारवाड लागतंय, आणि जुन्या रेडिओपेक्षा माझ्या बोर्डावर बरं ऐकू येतंय म्हणते.

ताई, दाते आहेत. कर्सर लावला तर २.९५ किलोहर्ट्झ येतंय. एचएफवर कुठंही ट्यून केलं तरी तेवढंच.

---

टिळकवाडी_काका

मग जम्पर ठेवा. आज्जींसाठी हाय-पास बायपास, रात्री ४० मीटरसाठी चालू.

---

शहापूरची_सोल्डरवाली

छान, आता आरशाबद्दल.

आय-क्यूचा बॅलन्स बिघडतो तो ॲनालॉग मिक्सरमध्ये: दोन वाटांचा गेन वेगळा, ९० अंशांत चूक, त्यातून प्रतिमा. तुझ्याकडे एकच एडीसी आहे आणि साइन-कोसाइन एफपीजीएच्या आत आकड्यांनी गुणल्या जातात. तिथे बॅलन्स बिघडायला जागाच नाही. तरीही प्रतिमा मूळ सिग्नलइतकीच जोरात असेल तर एकच अर्थ: निम्मा वेळ आय आणि क्यूची अदलाबदल होते आहे. आय-क्यू उलटे केले की स्पेक्ट्रम आरशात जातो.

अदलाबदल किती वेळाने होते ते दाते सांगतात. ७,५०,००० ला २,९५० ने भाग. २५४ येतात. २५४ म्हणजे दोनदा १२७. आणि १२७ सॅम्पल गुणिले ४ बाइट म्हणजे ५०८.

आता एफटीडीआयची चिप आठव. हाय-स्पीड यूएसबीवर तिचं प्रत्येक पॅकेट ५१२ बाइटांचं, त्यातले पहिले २ बाइट स्टेटसचे. लिबएफटीडीआय ते काढून उरलेले ५१० तुझ्या कॉलबॅकला देतं. ५१० ला ४ ने भाग जात नाही. १२७ सॅम्पल पूर्ण होतात आणि २ बाइट उरतात. ते दोन बाइट तुझ्या कोडमध्ये कुठे जातात?

---

अथणी_नवखा

हा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठलो. दात्यांवरून पॅकेटचा आकार??

---

खानापूरचा_ओढा

लांबीला चारनं भागून लूप आहे. उरलेले दोन सरळ सुटत होते. म्हणजे एका पॅकेटात आय आधी, पुढच्यात क्यू आधी, त्याच्या पुढच्यात परत आय.

उरलेले बाइट पुढच्या पॅकेटच्या डोक्याला जोडले. प्रतिमा गेली, दातेही गेले. ताई, काय बोलू.

---

शहापूरची_सोल्डरवाली

जोडणं बरोबर, पण पुरेसं नाही. उद्या यूएसबीवर एखादं पॅकेट गळालं तर परत तीच गत आणि तुला कळणारही नाही. म्हणून एफपीजीएमध्ये दोन गोष्टी टाक.

पहिली, चाचणी मोड. एका कमांडवर सॅम्पलऐवजी नुसता वाढत जाणारा आकडा पाठवायचा. ड्रायव्हर उघडताना थोडा वेळ तो वाचायचा आणि प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा एकने मोठा आहे का ते तपासायचं. रेडिओचा यात संबंधच येत नाही, त्यामुळे दोष एडीसीत की यूएसबीत ही शंका राहत नाही. नवीन हार्डवेअर आलं की मी अँटेना जोडण्याआधी हेच करते.

दुसरी, फ्रेम. ठरावीक सॅम्पलनंतर एक ओळखीचा शब्द आणि फ्रेमचा क्रमांक. क्रमांक तुटला की सोपीच्या रीडस्ट्रीममधून (सॅम्पल देणाऱ्या फंक्शनमधून) ओव्हरफ्लोचा कोड परत करायचा. सोपीत त्यासाठी वेगळा कोड आहेच, टाइमआउटसाठी वेगळा. पुष्कळ घरगुती ड्रायव्हर दोन्ही वेळेला शून्य परत करतात किंवा गप्प बसतात. मग डिकोडर चुकतो आणि माणूस अँटेना बदलत बसतो.

आणि एफपीजीएमधला बफर केवढा आहे? एफटी२३२एचच्या आत फक्त १ किलोबाइट असतो. सेकंदाला ३ मेगाबाइटने तो एक मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात भरतो. लिनक्सला तेवढ्यात यायला जमेलच असं नाही.

---

खानापूरचा_ओढा

४ किलोबाइटचा फिफो आहे सध्या. एडीसीचं घड्याळ ४८ आणि एफटीडीआयचं ६०, म्हणून मधे दोन घड्याळांचा फिफो, ग्रे कोडवाला.

---

शहापूरची_सोल्डरवाली

३२ किलोबाइट कर. टँग नॅनो ९के मध्ये ब्लॉक रॅम ४६८ किलोबिट आहे, बसेल. सुमारे ११ मिलिसेकंदांची उसंत मिळेल. आणि पीसीच्या बाजूने एकाच वेळी अनेक ट्रान्सफर रांगेत ठेव, लिबएफटीडीआयच्या रीडस्ट्रीमला तसा पॅरामीटर आहे. एक वाचून झाल्यावर दुसरा मागायचा ही पद्धत चालत नाही.

---

निपाणी_नॉईज

हे सगळं ठीक आहे, पण पार्ट कुठून आणता? बेंगळुरूचा एसपी रोड की मुंबईचा लॅमिंग्टन रोड? यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं म्हणतात.

---

खानापूरचा_ओढा

एडीसी बेंगळुरूहून, फिल्टरचे टोरॉइड मुंबईहून, डबा उद्यमबागेतल्या एका शेडमधनं मिलिंग करून. तिन्ही बाजू सांभाळल्या.

---

अथणी_नवखा

प्रश्न बाळबोध वाटेल. तयार आरएक्स-८८८ रिसीव्हर मिळतो. त्यात १६ बिटांचा एडीसी, यूएसबी ३. एवढी खटपट कशाला?

---

टिळकवाडी_काका

ऐकायचंच असेल तर घ्या तयार, उत्तम आहे. मात्र त्यात एखादा दाता दिसला तर तो कुठून आला हे विचारायला तुमच्याकडे जागा नसते. आमच्या वेळी व्हॉल्व्ह होते तेव्हाही लोक हेच विचारायचे, तयार मर्फी घेतोस की नाही म्हणून. असो. मुद्द्यावर या.

---

शहापूरची_सोल्डरवाली

सोपीच्या मॉड्यूलबद्दल लिहिते, कारण इंटरनेटवर नमुने भरपूर आहेत पण ते 'का' सांगत नाहीत.

सोपीचं मॉड्यूल म्हणजे एक शेअर्ड लायब्ररी. त्यात दोन फंक्शनं नोंदवायची: एक 'शोध', एक 'बनव'. बाकी सगळं एका क्लासमध्ये.

'शोध' इथे लोक सगळ्यात घाई करतात. एफटी२३२एचचा व्हेंडर आयडी ०४०३ आणि प्रॉडक्ट आयडी ६०१४ एवढंच बघितलंस तर घरातली प्रत्येक एफटी२३२एच तुला रिसीव्हर वाटेल. टेबलावर त्याच चिपचा जेटॅग प्रोग्रॅमर असेल तर तुझा ड्रायव्हर त्याच्यात सॅम्पल शोधत बसेल. सिंक्रोनस फिफोसाठी ईप्रॉममध्ये (चिपची सेटिंग ठेवणाऱ्या मेमरीत) २४५ फिफो मोड लिहावा लागतोच. त्याच वेळी प्रॉडक्टचं नाव आणि सिरीयल नंबरही स्वतःचे लिही आणि शोधात ते नाव तपास. तुझ्याकडे दोन केबली आहेत, तेव्हा सिरीयल पोर्टवाल्या बाजूलाही 'तू कोण' असं विचारणारी एक कमांड ठेव. नाहीतर दोन बोर्ड लावलेस की एकाची फ्रिक्वेन्सी फिरवशील आणि ऐकशील दुसऱ्याचं.

आणि शोधात डिव्हाइस उघडून सुरू करू नकोस. प्रोग्रॅम यादी दाखवताना हे फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावतात, स्ट्रीम चालू असतानासुद्धा.

फ्रिक्वेन्सी: तुझ्याकडे फक्त एनसीओ आहे. ३२ बिटांचा फेज ॲक्युम्युलेटर असेल तर ४८ मेगाहर्ट्झला पायरी ०.०११ हर्ट्झची येते. मागितलेली आणि खरोखर लागलेली फ्रिक्वेन्सी यात फरक राहतोच, कितीही छोटा असो. गेटफ्रिक्वेन्सीमध्ये लागलेलीच सांग. रेंज ० ते २४ मेगाहर्ट्झ सांगू नकोस. काकांचा फिल्टर बसल्यावर जिथपर्यंत खरंच ऐकू येतं तिथपर्यंतच सांग.

सॅम्पल रेट: एकच असेल तर यादीत एकच दे. प्रोग्रॅमने २.४ मेगा मागितले तर 'हो' म्हणून ७५० किलो देऊ नकोस. तसं केलं की वॉटरफॉल दिसतो छान, पण सगळे अंतरांचे आकडे चुकीचे.

गेन: ॲम्प्लिफायर ठरावीक असेल तर गेनची यादी रिकामी ठेव. उगीच स्लायडर दाखवायला सॉफ्टवेअरमध्ये गुणाकार करू नकोस.

फॉरमॅट: हे सगळ्यात महत्त्वाचं. सोपी विचारतं, तुझा मूळ फॉरमॅट कुठला आणि फुल-स्केल किती. तुझं उत्तर सीएस१६ आणि ३२७६८, जर एफपीजीएने सॅम्पल वरच्या बिटांना चिकटवून पाठवले असतील तर. पण बरेच प्रोग्रॅम फक्त सीएफ३२ मागतात, म्हणजे फ्लोटिंग आकडे, साधारण उणे एक ते एक. तेव्हा दोन्ही फॉरमॅट दे, रूपांतर रीडस्ट्रीममध्ये कर, आणि मूळ विचारल्यावर मूळच सांग.

---

गडहिंग्लजकर

मूळ फॉरमॅट सांगून कोणाचं भलं होतं? शेवटी फ्लोटच होतो ना.

---

शहापूरची_सोल्डरवाली

सोपीरिमोट वापरलंय कधी? बोर्ड एका रास्पबेरी पायला लावायचा, पायवर सोपीरिमोटचा सर्व्हर, घरातल्या पीसीवर क्लायंट. पीसीवरच्या प्रोग्रॅमला वाटतं डिव्हाइस इथेच आहे. तारेवरून जाताना ते ड्रायव्हरने सांगितलेला मूळ फॉरमॅट वापरतं. सीएस१६ सांगितलंस तर ७५० किलोसॅम्पलला सेकंदाला २४ मेगाबिट. सीएफ३२ सांगितलंस तर ४८. खानापुरातल्या घरात राउटर पुढच्या खोलीत आणि बोर्ड माळ्यावर असेल तर हा फरक म्हणजे आवाज तुटणं आणि न तुटणं.

---

निपाणी_नॉईज

याच्यावर मात्र माझा जोरात +१. घरातला एलईडी, इन्व्हर्टर, चार्जर यांच्यापासून अँटेना जितकी लांब तितकं बरं. मी पाय आणि रिसीव्हर शेतातल्या खोलीत ठेवलाय, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. पायचा स्वतःचा पॉवर सप्लाय स्विचिंगचा असतो तो बदला, नाहीतर चोराला घरात घेऊन कुलूप लावल्यासारखं होईल.

---

टिळकवाडी_काका

आणि जांबोटी-खानापूरकडच्या विजा लक्षात असू द्या. वळीव सुरू झाला की कोॲक्स (अँटेनाची केबल) काढून घराबाहेर ठेवा. गॅस डिस्चार्ज ट्यूब लावा, पण तिच्या भरवशावर झोपू नका. जवळ वीज पडली तर ती एडीसीला वाचवेलच असं नाही.

---

खानापूरचा_ओढा

ताई, मॉड्यूल लिहूलालोय. कम्पाइल होतंय, इन्स्टॉल होतंय, पण सोपीएसडीआरयुटिलच्या 'फाइंड'मध्ये दिसतच नाही. 'इन्फो'मध्ये दुसरी मॉड्यूलं दिसतात, माझं नाही.

---

शहापूरची_सोल्डरवाली

'इन्फो'च्या आउटपुटमध्ये मॉड्यूल कुठल्या फोल्डरमधून उचलली ते लिहिलेलं असतं. तुझं मॉड्यूल यूएसआर-लोकलखाली गेलंय आणि सोपी डिस्ट्रोच्या पॅकेजमधली आहे, असं असणार. दोन उपाय: मॉड्यूलच्या फोल्डरचा पत्ता प्लगिन-पाथच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दे, नाहीतर सी-मेकला इन्स्टॉलचा प्रीफिक्स यूएसआर सांग. फोल्डरच्या नावात ०.८ आहे ना तेही बघ, ०.७ साठी बांधलेलं मॉड्यूल ०.८ ची लायब्ररी उचलत नाही.

रेडिओकोंडा (ग्नू रेडिओचा तयार संच) वापरत असशील तर त्याच्या आत वेगळीच सोपी असते. मॉड्यूल त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये बांधावं लागतं.

---

खानापूरचा_ओढा

दोन सोपी होत्या, बरोबर. आता 'फाइंड'मध्ये येतंय, 'प्रोब'ही सगळं नीट दाखवतंय. पण सुडोशिवाय उघडत नाही.

---

गडहिंग्लजकर

युडेव्हचा नियम, लिनक्सला डिव्हाइस कोणी उघडायचं ते सांगणारा. व्हेंडर, प्रॉडक्ट आणि तुझं प्रॉडक्ट नाव टाकून परवानगी दे, नियम पुन्हा लोड कर, केबल काढून घाल. सिरीयल पोर्टसाठी स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घे आणि एकदा लॉगआउट कर. हे मला आरटीएलनेच शिकवलं, बघा, आमच्याकडूनही काही मिळतं.

---

खानापूरचा_ओढा

चाललं! जीक्यूआरएक्समध्ये ४० मीटर लाइव्ह. ७.१ च्या आसपास संध्याकाळी एवढी गर्दी असते हे फाइलमधनं कधी कळलंच नव्हतं.

एक बारीक गोष्ट उरली. बरोबर मध्यभागी एक टोक दिसतं, अँटेना काढली तरी. ॲनालॉग मिक्सर नाही तर डीसी कुठनं येतंय?

---

शहापूरची_सोल्डरवाली

सीआयसीनंतर १६ बिटांवर आणताना खालचे बिट नुसते कापतोस की राउंड करतोस? कापलेस तर आकडा नेहमी खालच्या बाजूलाच सरकतो, सरासरी अर्ध्या बिटाने. तो अर्धा बिट म्हणजे तुझं टोक. कापण्याआधी अर्ध्याची भर घाल. एक ॲडर लागेल.

आणि सीआयसीची कडेची घसरण दिसते का? बँडच्या दोन्ही टोकांना नॉईजची रेषा वाकलेली असेल. ती सरळ करायला एफपीजीएत एक छोटा एफआयआर फिल्टर टाकता येतो. पण मी म्हणेन राहू दे. कडेचा भाग वापरूच नकोस आणि बँडविड्थ विचारल्यावर ७५० ऐवजी मधली चांगली तेवढीच सांग.

---

टिळकवाडी_काका

ऑसिलेटर किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग) बाहेर आहे ते पाहा. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम केंद्र वेळेचे टिक देतं, ते लागलं की कॅरियर कुठे बसतो ते वाचा. १०० हर्ट्झ बाजूला असेल तर १० पीपीएम. धारवाडचा कॅरियरही चालेल, पण ७६५ किलोहर्ट्झला तेवढ्याच चुकीचे ७-८ हर्ट्झच दिसतात, वाचायला कठीण.

घड्याळ एफपीजीएच्या पीएलएलमधून (आतल्या घड्याळ बनवणाऱ्या सर्किटमधून) घेत नाही ना? २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर १२ बिटांचे ७४ डीबी पूर्ण मिळवायचे तर जिटर (घड्याळाची थरथर) दीड-पावणेदोन पिकोसेकंदांच्या आत लागतो. पीएलएलकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

---

खानापूरचा_ओढा

घड्याळ सुट्या ऑसिलेटरवरनंच आहे काका, एफपीजीएला ते एडीसीकडनं जातं. राउंडिंग टाकलं, टोक गेलं. बीपीएम रात्री बघतो.

पुढं याच बोर्डाला डीएसी (आकड्यांचा परत सिग्नल करणारी चिप) लावून ट्रान्समिट करायचं मनात आहे. सोपीत टीएक्सचे स्ट्रीमही असतातच.

---

टिळकवाडी_काका

परवान्याशिवाय नाही. बेळगावात हवाई दलाचं सांबरा आहे, विमानतळ आहे. भलत्या फ्रिक्वेन्सीवर हार्मोनिक गेला तर गंमत राहणार नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेकडे अर्ज करा, एएसओसीची (हौशी रेडिओ चालवण्याच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्या. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग आहेत. कॉलसाइन व्हीयूने सुरू होईल. त्यात कर्नाटक-महाराष्ट्र काही नसतं, त्यामुळे निपाणीकरांनाही वादाला जागा नाही. तोपर्यंत डीएसी अँटेनाऐवजी डमी लोडवर खेळवा, तोही डबा बंद करून.

---

निपाणी_नॉईज

काका, मी काहीच बोललो नव्हतो!

---

अथणी_नवखा

कोड कुठे बघायला मिळेल? मला फक्त ड्रायव्हर वाचायचाय, बोर्ड नाही बनवणार. (म्हणजे आत्ता तरी.)

---

खानापूरचा_ओढा

टाकतो. रीडमी मराठीत लिहिलाय, लॅबमधला एक मित्र त्याचं कन्नड करूलालाय. चाचणी मोड आणि फ्रेमचा क्रमांक घातल्यावर वर चढवतो, आत्ताचा कुणी उचलला तर परत ते दोन बाइटच शोधत बसेल.

जीक्यूआरएक्सवाल्यांसाठी: डिव्हाइस स्ट्रिंगमध्ये आधी सोपी बरोबर शून्य, मग स्वल्पविराम, मग ड्रायव्हर बरोबर मॉड्यूलचं नाव. इनपुट रेट हातानं ७५०००० टाका, आधीचा रेट तिथं तसाच राहिलेला असतो.

---

शहापूरची_सोल्डरवाली

एसडीआर प्लस प्लसमध्ये काही बिल्डना सोपीचा सोर्स बंद असतो, रीडमीत तेही लिही. आणि ईप्रॉम लिहायची पायरी ड्रायव्हरच्या आधी टाक, नंतर नको. कोरी चिप लावून 'फाइंड' चालवणारे सगळे तुलाच विचारतील.